कंडक्टरचा जिना आणि आपला रक्तदाब



इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने रक्तदाबावर कशाला बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्याला आठवते. पण माणसाने आपल्या शरीराविषयी ज्या समजुती बाळगल्या, त्यांनाही इतिहास असतो. आणि त्यांतली चूक कधीकधी लढाईतल्या चुकीइतकीच महाग पडते.

आमच्या घरी ती महाग पडली, म्हणून हा विषय मी घेतला. माझे वडील शेतकरी. साठी उलटली तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब जास्त आहे असे सांगून गोळ्या दिल्या. घरी सगळ्यांनी मिळून ठरवले की, आता यांनी हलायचे नाही. ज्या माणसाने जन्मभर नांगर धरला, तो दोन वर्षे ओसरीवरच्या खाटेवर बसून राहिला. आम्ही हे मायेपोटीच केले, बरं का! मग कोणीतरी म्हणाले, चालल्याने रक्तदाब उतरतो. वडील चालू लागले. अंग हलके वाटू लागले, झोप लागू लागली. "मला आता काही होत नाही," असे म्हणून त्यांनी एक दिवस गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी एका पहाटे त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला.

आधी आम्ही त्यांना बसवून ठेवले ही एक चूक, आणि चालणे सुरू झाल्यावर गोळ्या सुटू दिल्या ही दुसरी. पुढे मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जगातल्या मोठमोठ्या वैद्यांनीही या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरचा पंप पाणी ढकलतो, तेव्हा पाइपाच्या आतल्या बाजूवर पाण्याचा जोर पडतो. हृदय रक्त ढकलते, तेव्हा धमन्यांच्या आतल्या बाजूवर तसाच जोर पडतो. हाच रक्तदाब. तो प्रत्येकाला असतोच. नसेल तर माणूस जिवंत राहणार नाही. प्रश्न असतो तो वाजवीपेक्षा जास्त दाबाचा.

हा दाब पहिल्यांदा मोजला तो एका पाद्र्याने. इंग्लंडमध्ये टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी एका घोडीला आडवी बांधून तिच्या धमनीत पितळेची बारीक नळी घातली आणि त्या नळीला काचेची उंच नळी जोडली. रक्त काचेच्या नळीत चढत चढत ८ फूट ३ इंचांपर्यंत गेले. एखाद्या बसक्या घराच्या छपराएवढी उंची म्हणा ना! हे प्रयोग त्यांनी १७३३ साली छापून प्रसिद्ध केले. पण माणसाच्या धमनीत अशी नळी घालून बसणे शक्य नव्हते. पुढे १८२८ साली फ्रान्समधल्या प्वाझय यांनी रक्ताच्या उंच नळीऐवजी पाऱ्याची आखूड नळी वापरली. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून जड, म्हणून उंची फुटांवरून मिलिमीटरांवर आली. आजही आपण रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतो, तो तेव्हापासून.

धमनी न कापता दाब मोजण्याची सोपी युक्ती १८९६ साली इटलीतल्या तुरीन शहरी रिव्हा-रोच्ची या डॉक्टरांनी काढली. त्यांनी दंडाभोवती गुंडाळायला सायकलची आतली ट्यूब वापरली! ट्यूबमध्ये हवा भरायची, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा किती चढला ते पाहायचे. पण यात वरचा आकडा तेवढा मिळे. १९०५ साली रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात कोरोतकॉफ या तरुण शल्यवैद्याने कोपरापाशी स्टेथोस्कोप ठेवून कान लावला. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा. हा शोध त्याने जेमतेम एका पानाच्या टिपणात मांडला. आज गावच्या उपकेंद्रात नर्सताई दंडाला पट्टा बांधतात, तेव्हा या दोघांचेच काम पुढे चालू असते.

आता आकडा मिळाला. पण त्याचा अर्थ काय? इथे वैद्यांची पहिली मोठी चूक झाली. वय वाढले की धमन्या कडक होतात. त्यांतून रक्त पुढे जावे म्हणून शरीरच दाब वाढवते. तेव्हा तो कमी करणे म्हणजे शरीराच्या सोयीत ढवळाढवळ करणे, असे पुष्कळ जाणते वैद्य मानीत. अमेरिकेतले नामांकित हृदयतज्ज्ञ पॉल व्हाइट यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात असाच इशारा दिला होता. उलट विमा कंपन्यांना मात्र आपल्या वह्यांतून दिसत होते की, ज्यांचा दाब जास्त ते लवकर मरतात. विमेवाल्यांनी आकडे मोजले होते. वैद्यांचा भरवसा तर्कावर होता.

या चुकीची किंमत अमेरिकेच्या अध्यक्षालाही मोजावी लागली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत होता. १९४४ च्या मार्च महिन्यात हॉवर्ड ब्रुएन या हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा तो १८६ आणि १०८ निघाला. हृदयही मोठे झाले होते. डॉक्टरांच्या हाती त्या वेळी होते काय? हृदयाचे एक जुने औषध, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि विश्रांती. महायुद्ध चालू असलेल्या अध्यक्षाला विश्रांती कुठली! १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे बसल्या जागी त्यांचे डोके असह्य दुखू लागले, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते त्याच दिवशी गेले. त्या वेळी त्यांचा दाब ३०० च्या वर गेला होता. जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांच्यासाठी त्या काळच्या वैद्यकाजवळ एक चांगली गोळी नव्हती.

गोळ्या त्यानंतर आल्या, आणि त्यांत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पूर्वापार माहीत होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन, आकडे नीट टिपून, १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात निबंध लिहिला. त्यामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र हे वाचून कोणी मुळी उगाळून घेऊ नये. तिने मन खचते असे पुढे दिसून आले, आणि आज तिच्याहून चांगल्या गोळ्या मिळतात. १९६७ साली अमेरिकेत १४३ माजी सैनिकांवर झालेल्या तपासणीने तर वादच मिटवला. निम्म्यांना खऱ्या गोळ्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा औषधावाचून राहिलेल्यांत पक्षाघातासारखी संकटे कितीतरी जास्त आली. दाब उतरवणे हे ढवळाढवळ करणे नसून जीव वाचवणे आहे, हे तेव्हा सिद्ध झाले.

ही झाली औषधाची गोष्ट. आता व्यायामाकडे वळू.

हृदयाचा रोगी म्हणजे खाटेवरचा रोगी, हा समज फार जुना आणि फार घट्ट होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात निजवून ठेवीत. खरे पाहता याच्या उलट एक बारीकशी नोंद फार पूर्वी होऊन गेली होती. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांच्या १८०२ साली छापलेल्या ग्रंथात छातीत कळ येणाऱ्या एका रोग्याचा उल्लेख आहे. त्याने रोज अर्धा तास लाकडे कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. पण एका माणसाची गोष्ट ती. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? शेकडो, हजारो माणसे मोजायला हवी होती.

ती मोजली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होते. युद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकार झपाट्याने वाढत होता आणि कारण उमगत नव्हते. कोणत्या कामधंद्याच्या माणसांना तो जास्त होतो, हे मॉरिस शोधू लागले. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्या निवडल्या. एका बसवर दोन माणसे, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. दोघांचे शहर तेच, पगारात फार अंतर नाही, हवाही तीच. फरक एवढाच की, ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढउतार करणारा. कामाच्या एका दिवसात कंडक्टरला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढाव्या लागत.

सुमारे ३१ हजार माणसांची माहिती गोळा झाली. १९५३ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता; झालाच तर उशिरा होत होता; आणि त्यातून मरणारेही कमी होते. मग टपालखाते पाहिले. पायी किंवा सायकलवर फिरणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे टेलिफोन ऑपरेटर, कारकून यांच्यात तोच फरक आढळला.

तुमच्यातला एखादा चौकस शिक्षक विचारील, "कशावरून? मुळातच जाड माणसे ड्रायव्हर होत असतील!" मॉरिस यांनाही ही शंका आली. बसवाल्यांना गणवेश मिळत असे, आणि शिंप्याकडे कमरेची मापे लिहिलेली असत. त्यांनी ती मापे मागवली. ड्रायव्हर खरोखरच कमरेत जाड निघाले. पण बारीक कंडक्टराशी बारीक ड्रायव्हर आणि जाड कंडक्टराशी जाड ड्रायव्हर ताडून पाहिला, तरी अचानक मरणाचा धोका कंडक्टरांनाच कमी होता. शिंप्याच्या वहीतून असे सत्य निघावे, याचे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार कौतुक वाटते. मॉरिस स्वतः म्हातारपणीही व्यायाम करीत आणि २००९ साली ९९ व्या वर्षी वारले.

त्याच सुमारास, १९५५ साली, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर उपचार करायला बोलावलेले तज्ज्ञ म्हणजे तेच पॉल व्हाइट. आता ते चालण्याचा आणि सायकलीचा पुरस्कार करीत होते. त्यांनी अध्यक्षांना खाटेवर खिळवून ठेवले नाही. हळूहळू चालते-फिरते केले. पुढल्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. शिकलेला माणूस आपले मत बदलू शकतो, हीही इतिहासातली लहान घटना नव्हे.

मॉरिस यांचे काम हृदयविकारावरचे होते. रक्तदाबाचे काय, याचेही उत्तर मिळाले. अमेरिकेतले डॉ. पाफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १५ हजार माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे माहिती ठेवली. जे दमछाक करणारे खेळ वा व्यायाम करीत नव्हते, त्यांना रक्तदाबाचा विकार जडण्याचा धोका करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त होता, असे त्यांनी १९८३ साली दाखवून दिले. त्यानंतर व्यायाम देऊन दाब मोजण्याचे शेकडो प्रयोग झाले. नियमाने चालल्या-पळल्याने वरचा आकडा सरासरी चार-पाच मिलिमीटर उतरतो. मुळात दाब जास्त असेल तर थोडा अधिकही. चार-पाच म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण वरचा आकडा पाच मिलिमीटरने उतरवला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांचा धोका सुमारे दहा टक्के कमी होतो, असे २०२१ साली औषधांच्या अनेक प्रयोगांची एकत्र छाननी करून निघालेल्या आकड्यांनी दाखवले आहे.

हे घडते कसे? चालताना रक्ताचा वेग वाढतो. धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि धमनी सैल पडते. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पुरस्कार मिळाला. चालून आल्यावर दाब काही तास उतरलेला राहतो, आणि महिनोन् महिने नेम ठेवला तर एकूणच खाली येतो. पण नेम सोडला की काही आठवड्यांत मूळ पदावर जातो. तेव्हा आंघोळीसारखेच हे रोजचे काम आहे, हे ध्यानात ठेवावे.

अलीकडची एक गंमत शिक्षकांना सांगतो. पूर्वी शाळेत खोडकर मुलाला भिंतीपाशी "खुर्ची" करायला लावीत. पाठ भिंतीला, गुडघे वाकलेले, खाली बसायला काही नाही. २०२३ साली इंग्लंडच्या एका क्रीडावैद्यक मासिकात २७० प्रयोगांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तिच्यात अशा स्थिर राहून करायच्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी आठ मिलिमीटर उतरलेला दिसला, म्हणजे चालण्यापेक्षाही जास्त! पद्धत साधारण अशी. दोन मिनिटे खुर्ची, मग दोनेक मिनिटे विसावा, असे चार वेळा, आणि आठवड्यातून तीन दिवस. मात्र असे प्रयोग चालण्याच्या प्रयोगांपेक्षा थोडे आहेत. शिवाय यात श्वास मुळीच कोंडू नये. गुडघेदुखी असेल किंवा दाब फार चढलेला असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. तेव्हा पाया चालण्याचाच ठेवावा.

चालावे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगितली आहेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. चाल अशी हवी की सोबत्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. आजवर बसून असाल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा. आपल्याकडची जेवणानंतरची शतपावली चांगलीच आहे. पण शंभर पावलांवर थांबू नका, एवढेच. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या घरात असेल तर आधी डॉक्टर, मग चालणे. चालताना छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. एका बाजूचा हातपाय लुळा वाटला किंवा बोलणे अडखळले तर क्षणाचाही उशीर करू नका.

"आम्ही शेतात दिवसभर राबतो, आम्हांला कसला व्यायाम?" असे शेतकरी बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. शेतातले कष्ट हे कष्टच आहेत. पण पेरणी-कापणीचे दिवस सोडले तर काम रोज सारखे नसते, आणि आता मळ्यापर्यंत मोटारसायकल जाते. शिवाय पोते उचलताना माणूस श्वास कोंडतो, तेव्हा दाब त्या क्षणी एकदम चढतो. एकसारखे, मोकळ्या श्वासाने चालणे ही गोष्ट वेगळी. जी माउली पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात उभी असते, तिलाही अर्धा तास मोकळे चालायला मिळाले पाहिजे. तो वेळ घरच्यांनी काढून दिला पाहिजे. आणि चालून घरी आल्यावर ताटात लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या वाढून घेतल्या, तर कमावलेले गमावले. दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरे, तेही सगळे जिन्नस धरून.

आता शेवटचा आणि मुख्य मुद्दा. या साऱ्या इतिहासात शहाणपण आले ते मोजल्यामुळे. हेल्स यांनी नळीत मोजले, विमेवाल्यांनी वह्यांत मोजले, डॉ. वकिलांनी रोग्यांत मोजले, मॉरिस यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर मोजले. जिथे नुसत्या वाटण्यावर भरवसा ठेवला तिथे चूक झाली. कारण हा विकार बहुधा दुखत नाही. डोके दुखत नाही म्हणून दाब नाही, असे नव्हे. अंग हलके वाटते म्हणून तो उतरला, असेही नव्हे. म्हणून वरचेवर मोजून घ्यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीवर ठेवून. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा १४० व ९० किंवा त्यापुढे येत असेल तर डॉक्टरांना भेटावे. गोळी कमी करायची की बंद करायची, हे डॉक्टर ठरवतील. आपले पाय नव्हे. आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर पायी जाणारे वारकरीही ऐका. वाटचाल थोर आहे, पण पडशीत गोळ्यांची पुडी असू द्या.

माझे वडील आज काठी घेऊन रोज संध्याकाळी अंगणात चालतात. उजवा पाय ओढावा लागतो. चालणे झाले की डाव्या हाताने गोळी घेतात, आणि दर आठवड्याला माझा मुलगा दाब मोजून वहीत आकडा लिहितो. ही वही आमच्या घरात पाच वर्षे आधी असती तर, हा विचार मनात येतोच.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एकच मागणे. उद्या वर्गात मुलांना सांगा, घरी जाऊन आजीआजोबांना, आईवडिलांना विचारा, "तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" उत्तर आले नाही, तर त्यांचा हात धरून उपकेंद्रापर्यंत न्या, आणि जमल्यास चालतच न्या.